नाराजांचा हिशेब

४ जून २०२४ रोजी जालना लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले, भोकरदन तालुक्यातल्या जवखेड्याचे, भाजपचे केंद्रीय राज्यमंत्री रावसाहेब दानवे काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून १,०९,९५८ मतांनी हरले. याच तालुक्यातल्या हसनाबादपासून गोदाकाठच्या पैठणपर्यंत पराभवाचं कारण शोधणाऱ्या प्रत्येकाचं बोट लगेच तिसऱ्या नावाकडे वळलं. अपक्ष मंगेश साबळे यांना १,५५,९३० मतं पडली होती. तिसऱ्याची मतं दोघांमधल्या फरकापेक्षा जास्त, म्हणजे त्यानेच खेळ बिघडवला, असा निष्कर्ष चहा थंड होण्याआधी निघाला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक निवडणुकीनंतर हा निष्कर्ष असाच काढला गेला आहे. तो कधी खरा असतो, कधी साफ खोटा असतो. खरा कधी आणि खोटा कधी, हे ओळखण्याचा प्रयत्न हाच या प्रस्तावनेचा विषय.

आधी जालन्याचंच गणित मांडू. साबळे उभेच नसते आणि त्यांचे सगळे मतदार दानवे किंवा काळे यांच्यापैकी एकाकडे गेले असते, असं धरून चाला. दानवे यांना जिंकण्यासाठी त्या दीड लाखातली १,३२,००० हून जास्त मतं मिळायला हवी होती. शंभरातली पंच्याऐंशी. आता साबळे कोण होते ते आठवावं. फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे तरुण सरपंच. विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागितले जातात, असा आरोप करत २०२३ मध्ये त्यांनी पंचायत समितीसमोर नोटा उधळल्या आणि एका दिवसात राज्यभर ओळखले गेले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनातले ते कार्यकर्ते. त्या आंदोलनाचं केंद्र जालना जिल्ह्यातलंच अंतरवाली सराटी. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे आंदोलकांवर झालेल्या पोलिसी लाठीमारानंतर मराठवाड्यात जो राग साचला तो सत्तेवरच्यांविरुद्ध होता. अशा रागातून ज्याला मत पडलं, त्याच्या शंभर मतदारांपैकी पंच्याऐंशी जण तो नसता तर सत्तेतल्या मंत्र्याकडे गेले असते, हे पटत नाही. दानवे यांची मतं २०१९ च्या ६,९८,०१९ वरून ४,९७,९३९ वर आली, म्हणजे दोन लाख गेली. साबळे यांनी घेतली ती दीड लाख, आणि तीही सगळी दानवे यांच्याच पेटीतली असणं शक्य नाही. उरलेली कुठे गेली, हा खरा प्रश्न आहे. तिसऱ्या उमेदवाराकडे बोट दाखवलं की तो विचारायचा राहून जातो.

हीच कसोटी शेजारच्या औरंगाबादला लावली तर उत्तर नेमकं उलटं येतं. २०१९ मध्ये तिथे एमआयएमचे इम्तियाज जलील यांनी शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांचा ४,४९२ मतांनी पराभव केला. खैरे चार वेळा सलग निवडून आलेले. तिसऱ्या जागेवर होते ट्रॅक्टर चिन्हावर अपक्ष लढलेले हर्षवर्धन जाधव, मतं २,८३,७९८. जाधव २०१४ मध्ये शिवसेनेच्याच तिकिटावर कन्नडचे आमदार झाले होते आणि आरक्षणाच्या मुद्द्यावर आमदारकी सोडून बाहेर पडले होते. त्यांच्या मतदारांना दोघांतून एक निवडायला लावलं असतं, तर शंभरातले जेमतेम एक्कावन्न खैरे यांच्याकडे वळले तरी खैरे खासदार राहिले असते. शिवसेनेच्या माजी आमदाराचे मतदार एमआयएमपेक्षा शिवसेनेकडे जास्त झुकले असते, यात शंका घेण्यासारखं फारसं काही नाही. इथे घर फुटलं म्हणून जागा गेली, असं ठामपणे म्हणता येतं. दोन मतदारसंघ एकमेकांना लागून, निवडणुका पाच वर्षांच्या अंतराने, प्रश्नही बराचसा तोच. पण एका ठिकाणी फुटीचा आरोप टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणी टिकत नाही.

ही फूट सुरू होते उमेदवारीपासून. आपल्याकडे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी सहसा मतदान होत नाही. ती लढत तिकिटाच्या रांगेत होते. मुलाखती होतात, यादी मुंबईहून दिल्लीला जाते, रात्री उशिरा नावं जाहीर होतात, आणि अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला यावर वर्षानुवर्षांच्या कामाचा निकाल लागतो. १९८९ नंतर युती आणि आघाड्यांचा काळ आला तेव्हापासून ही लढत दुहेरी झाली. आधी जागा कोणत्या पक्षाला सुटते ते ठरायचं, मग त्या पक्षात कोणाला. ज्याची जागा मित्रपक्षाला गेली त्या कार्यकर्त्याला आपला माणूस हरल्याचं समाधानही मिळत नाही. त्याचा माणूस लढूच शकलेला नसतो.

मग उरतात माघारीचे दिवस. लोकप्रतिनिधित्व कायद्याने छाननीनंतर अर्ज मागे घ्यायला थोडाच अवधी दिलेला आहे, आणि राज्याच्या राजकारणातली सगळ्यात दमछाक करणारी धावपळ त्याच दिवसांत होते. २०२४ च्या विधानसभेला अर्जाची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर आणि माघारीची ४ नोव्हेंबर. मधल्या दिवसांत पूर्ण दिवाळी. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी बंडखोरांच्या घरी फराळाला आलेले पाहुणे पक्षाचे निरीक्षक होते. कुणाला महामंडळाचा शब्द मिळाला, कुणाला विधान परिषदेचा, कुणाला नुसतंच नेत्याशी फोनवर बोलायला मिळालं. ज्यांची समजूत निघाली नाही ते सफरचंद, शिट्टी, रोडरोलर अशी चिन्हं घेऊन गावोगाव निघाले.

या सगळ्याचं सर्वांत मोठं उदाहरण १९९५ चं. त्या विधानसभेत काँग्रेसचे ८० आमदार आले, शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५. अपक्ष निवडून आले तब्बल ४५, आणि त्यातले बहुतेक काँग्रेसचेच बंडखोर. जिथे ते निवडून आले नाहीत तिथेही अधिकृत उमेदवाराची मतं तोडून गेले. युतीचे १३८ होत होते, बहुमताला कमी. ती कमतरता अपक्षांनी भरून काढली आणि मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. राज्य स्थापन झाल्यापासून सत्तेभोवतीच असलेल्या काँग्रेसला सत्तेबाहेर काढणाऱ्या सरकारला आधार दिला तो काँग्रेसच्याच माणसांनी. त्यांनी आयुष्यभर जो झेंडा खांद्यावर वाहिला त्याच्या विरोधात ते एका रात्रीत गेले नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांत साखर कारखाना, जिल्हा बँक आणि पंचायत समिती यांच्यावरून वर्षानुवर्षं चाललेल्या गटबाजीला त्या वर्षी तिकीट वाटपाने वाट करून दिली, एवढंच.

चार वर्षांनी हेच घडलं, पण उमेदवाराच्या नव्हे तर पक्षाच्या पातळीवर. १९९८ च्या लोकसभेत काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ३३ जागा जिंकल्या होत्या, रिपब्लिकन मित्रांच्या ४ वेगळ्या. युतीला मिळाल्या फक्त १०. जून १९९९ मध्ये शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली, आणि काही महिन्यांत झालेल्या लोकसभा निवडणुकीत युतीच्या जागा २८ झाल्या. काँग्रेसला १०, राष्ट्रवादीला ६. दीड वर्षात मतदार बदलला नव्हता, त्याचा पक्ष दोन ठिकाणी वाटला गेला होता. त्याच वेळी झालेल्या विधानसभेत मात्र काँग्रेसचे ७५ आणि राष्ट्रवादीचे ५८ आमदार आले, दोघे निकालानंतर एकत्र बसले आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. लोकसभेत ज्या फुटीने हात रिकामे ठेवले, तिनेच विधानसभेत सत्तेचा दरवाजा बंद होऊ दिला नाही. १९९९ ची दुसरी बाजू जालन्यात दिसते. तिथे भाजपने दोन वेळा खासदार झालेल्या उत्तमसिंह पवार यांच्या जागी भोकरदनचे आमदार असलेले रावसाहेब दानवे यांना उभं केलं. पवार पुढे काँग्रेसमध्ये गेले. जागा भाजपकडेच राहिली आणि पंचवीस वर्षं राहिली. म्हणजे विद्यमान खासदाराला बाजूला केलं की फूट पडते आणि फूट पडली की हार होते, अशी साखळी आपोआप जोडली जात नाही.

मग नुकसान नेमकं कुठे होतं? हसनाबादसारख्या गावात उभं राहून पाहिलं तर ते जास्त स्पष्ट दिसतं. भोकरदन तालुक्यातलं हे गाव, पोलीस ठाण्याचं, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची ये-जा असलेलं. एका मतदान केंद्रावर साधारण हजारभर मतदार. पक्षाच्या दृष्टीने ही निवडणूक म्हणजे त्या केंद्रावरची पाच-सहा माणसं. मतदार यादी हातात घेऊन कोण मुंबई-पुण्याला कामाला गेला आहे, कोण ऊसतोडीवर आहे, कोणाच्या घरी नवी सून आलेली आहे हे ज्याला तोंडपाठ असतं तो माणूस. सकाळी पोलिंग एजंट म्हणून आत बसणारा एक, बाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या देणारे दोघे, आणि दुपारनंतर न आलेल्या मतदारांच्या दारात जाऊन जीपमध्ये बसवणारे दोघे-तिघे. यातल्या एकाचा नेता तिकिटावाचून राहिला की तो विरोधकाच्या सभेत जाऊन बसतोच असं नाही. बहुतेक वेळा तो काहीच करत नाही. टेबलावर बसतो, चहा पितो, फोटोत दिसतो आणि दुपारी दारोदार जात नाही. कापूस वेचायला गेलेल्या बायका उशिरा परततात तोवर मतदानाची वेळ संपलेली असते. असं एका गावात झालं तर पंधरा-वीस मतं जातात. दोनशे केंद्रांवर झालं तर आमदारकी जाते. आणि ही मतं बंडखोराच्या खात्यात दिसत नाहीत, कुणाच्याच खात्यात दिसत नाहीत. ती पडलेलीच नसतात.

म्हणून बंडखोराला किती मतं मिळाली, एवढ्यावरून नाराजीचं माप घेणं चुकीचं आहे. हे माप घ्यायचं असेल तर केंद्रनिहाय आकडे पाहावे लागतात. निवडणूक आयोग फॉर्म २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते देतो. नाराज गटाचं वर्चस्व असलेल्या गावांत पक्षाची मतं घटली, पण विरोधकाची तितकीशी वाढली नाहीत आणि एकूण मतदान मागच्यापेक्षा कमी झालं, असं दिसलं तर तिथे माणसं घरात बसली होती. विरोधकाची मतं जोरात वाढली असतील तर तिथे आतून काम झालं. हे आकडे सगळ्यांना उपलब्ध असतात. दुर्दैवाने निकालानंतर पहिल्या आठवड्यात जेवढी चर्चा होते तेवढ्यावरच पक्षांचं आणि पत्रकारांचं समाधान होतं, आणि फॉर्म २० उघडण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

उमेदवारीच्या अंतर्गत लढतीने पक्षाचं नुकसान होतं का, या प्रश्नाचा जगात सर्वांत जास्त अभ्यास झाला तो अमेरिकेत, कारण तिथे उमेदवार ठरवण्यासाठी पक्षाच्या मतदारांचं रीतसर मतदान होतं. नुकसानीचं पाठ्यपुस्तकी उदाहरण १९१२ चं. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना मिळाली, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला. रूझवेल्ट यांना २७ टक्के आणि टाफ्ट यांना २३ टक्के मतं पडली, आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन ४२ टक्क्यांहूनही कमी मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. पण २००८ चं उदाहरण याच्या उलट आहे. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातली लढत जूनपर्यंत ताणली गेली, क्लिंटन यांचे कित्येक समर्थक ओबामांना मत देणार नाही म्हणून सांगत होते, आणि नोव्हेंबरमध्ये ओबामा सहज जिंकले. क्लिंटन यांनी जूनमध्ये जाहीर पाठिंबा दिला आणि ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामा यांना एकमताने उमेदवार करण्याचा प्रस्तावही त्यांनीच मांडला. उमेदवारीची लढत आणि मतदान यांच्या मध्ये पाच महिने होते.

विद्वानांचंही मत असंच बदलत गेलं. अँड्र्यू हॅकर यांनी १९६५ मध्ये हा प्रश्न थेट विचारला आणि अटीतटीच्या अंतर्गत लढतीमुळे उमेदवार हरतो असं त्यांना आकड्यांत फारसं दिसलं नाही. वॉल्टर स्टोन यांनी पुढे १९८० च्या निवडणुकीतल्या आयोवाच्या कार्यकर्त्यांकडे पाहिलं, तेव्हा हरलेल्या इच्छुकामागची माणसं मुख्य निवडणुकीत मागे राहतात असं दिसलं. पण १९९२ मध्ये स्टोन, लॉना रे अ‍ॅटकिसन आणि रोनाल्ड रॅपोपोर्ट यांनी मिळून केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. उमेदवारीच्या लढतीत जे कार्यकर्ते खूप राबले, ते त्यांचा माणूस हरला तरी मुख्य निवडणुकीत पक्षासाठी जास्त राबले. लढतीने त्यांना थकवलं नव्हतं, कामाची सवय लावली होती.

महाराष्ट्राच्या वाचकाने या निष्कर्षावर थांबून विचार करावा. अमेरिकेतला हरलेला कार्यकर्ता परत येतो, कारण त्याला लढायला मिळालेलं असतं. मतं मोजली गेली, आपली कमी पडली, हे त्याने पाहिलेलं असतं. भोकरदनच्या किंवा घनसावंगीच्या कार्यकर्त्यासमोर असं काही मोजलं जात नाही. त्याला यादी दाखवली जाते. हरण्याचं दुःख माणूस गिळतो; विचारलंच नाही याचा राग मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो, हे गावातल्या कुठल्याही पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्याशी बोलताना कळतं.

अर्थात नुसतं मतदान घेतलं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडायचा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यात होते. वर्ध्यात खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस समोरासमोर आले, मेघे जिंकले. लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. मुख्य निवडणुकीत मेघे २,१५,७८३ मतांनी हरले आणि बनसोडे २,५३,३९५ मतांनी. त्या वर्षीच्या मोदी लाटेत काँग्रेस राज्यात दोनच जागांवर आली होती, म्हणून या पराभवांचा दोष प्रयोगावर टाकणं अन्यायाचं होईल. पण काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. मतदार म्हणून फक्त पदाधिकारी, समोर दोन जुनी राजकीय घराणी, तयारीला काही आठवडे: अशा चौकटीत गावातल्या साध्या सभासदाला आपलं मत मोजलं गेलं असं वाटणं कठीणच होतं. प्रयोग पुन्हा झाला नाही, ही त्यातली सगळ्यात खेदाची गोष्ट.

प्रयोग न करताही कार्यकर्ते आपला कौल देतात, आणि कधी तो वरच्या निर्णयाला पुसून टाकतो. २०२४ मध्ये सांगलीची जागा महाविकास आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली. वसंतदादा पाटलांच्या सांगलीत हाताचा पंजा मतदान यंत्रावर नसावा, हे काँग्रेसच्या माणसांना पचलं नाही. दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष लढले आणि भाजपचे दोन वेळा खासदार झालेले संजयकाका पाटील यांना १,००,०५३ मतांनी हरवून निवडून आले. आघाडीचे अधिकृत उमेदवार चंद्रहार पाटील यांना ६०,८६० मतं पडली आणि अनामतही राहिली नाही. इथे समर्थक विभागले गेलेच नाहीत, ते जवळपास एकगठ्ठा एका बाजूला गेले. एकटा पडला होता तो जागावाटपाचा निर्णय.

वांद्रे पूर्वेत तसं झालं नाही. ठाकरे कुटुंबाचं निवासस्थान असलेल्या या मतदारसंघात २०१९ मध्ये शिवसेनेने विद्यमान आमदार तृप्ती सावंत यांना डावलून महापौर विश्वनाथ महाडेश्वर यांना उभं केलं. सावंत अपक्ष लढल्या, २४,०७१ मतं घेतली; महाडेश्वर ५,७९० मतांनी काँग्रेसच्या झिशान सिद्दीकी यांच्याकडून हरले. वरची कसोटी लावली तर सावंत यांच्या शंभर मतदारांपैकी त्रेसष्ट परत आले असते तरी पुरलं असतं. त्या शिवसेनेच्याच आमदार होत्या हे लक्षात घेता त्रेसष्ट हा आकडा फार मोठा नाही.

जालना जिल्हा मात्र कुठल्याही नियमाला सरळ बसत नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासासाठी इतका चांगला. २०१९ च्या लोकसभेआधी शिवसेनेचे तत्कालीन मंत्री अर्जुन खोतकर दानवे यांच्याविरुद्ध लढण्याची भाषा जाहीरपणे करत होते. मार्चमध्ये उद्धव ठाकरे आणि देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत समेट झाला. मतदानाला महिनाभर होता. दानवे ३,३२,८१५ मतांनी जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खोतकर जालना विधानसभेत काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्याकडून हरले. त्याआधी २०१४ मध्ये युती तुटली होती, शिवसेना आणि भाजप दोघांचेही उमेदवार रिंगणात होते, सगळ्या हिशेबाने खोतकर यांनी हरायला हवं होतं. ते २९६ मतांनी जिंकले. म्हणजे मतं वाटली गेली तेव्हा विजय आणि एकत्र होती तेव्हा पराभव. घनसावंगीत २०२४ मध्ये महायुतीचे हिकमत उढाण यांच्यासमोर भाजपचेच सतीश घाटगे अपक्ष उभे होते आणि त्यांनी वीस हजारांवर मतं घेतली. तरी उढाण यांनी शरद पवार यांच्या राष्ट्रवादीच्या राजेश टोपे यांच्यासारख्या जिल्ह्यात खोलवर मुळं असलेल्या नेत्याला २,३०९ मतांनी हरवलं. पाच वर्षांपूर्वी, घरात बंडखोर नसताना, हेच उढाण टोपे यांच्याकडून ३,४०९ मतांनी हरले होते.

या विरोधाभासाचं एक कारण असं की बंडखोर नेहमी फक्त आपल्याच घरातली मतं घेत नाही. तो त्याच्या जातीची, त्याच्या गावपट्ट्याची, त्याच्या संस्थांची मतंही घेतो, आणि त्यातली काही समोरच्याला जाणारी असतात. दुसरं कारण, समोरच्याचं घरही शाबूत असेलच असं नसतं. आपली फूट मोजताना विरोधकाची मोजायची राहते.

सिल्लोड हा भोकरदनच्या शेजारचा मतदारसंघ, आणि जालना लोकसभेचाच भाग. तिथले अब्दुल सत्तार तेव्हा शिंदे यांच्या शिवसेनेचे, म्हणजे महायुतीचे मंत्री होते. लोकसभेच्या निकालानंतर त्यांच्यातली आणि दानवे यांच्यातली कटुता लपून राहिली नाही. विधानसभा आली तेव्हा सिल्लोडमधले भाजपचे सुरेश बनकर ठाकरे गटात गेले आणि सत्तार यांच्यासमोर उभे राहिले. सत्तार २,४२० मतांनी वाचले. एका निवडणुकीतली नाराजी दुसऱ्या निवडणुकीत व्याजासह वसूल होते ती अशी. लोकसभा आणि विधानसभा यांचे निकाल वेगवेगळे वाचून ही साखळी हाती लागत नाही, आणि पुढे जिल्हा परिषद, पंचायत समितीपर्यंत ती कशी जाते हे तर त्याहून कमी लिहिलं गेलं आहे.

भोकरदनमध्ये याच काळात जे झालं ते वेगळंच. जूनमध्ये वडील रावसाहेब लोकसभा हरले, नोव्हेंबरमध्ये चिरंजीव संतोष दानवे तिसऱ्यांदा आमदार झाले, समोर पुन्हा शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे चंद्रकांत दानवे. पाच महिन्यांत नाराजी विरली, असं म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. ४ नोव्हेंबरला मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी उमेदवार न देण्याचा निर्णय जाहीर केला होता, त्यामुळे लोकसभेला साबळे यांच्या रूपाने जी तिसरी वाट होती ती बहुतेक ठिकाणी उरली नाही. शिवाय खासदारकीला पडणारं मत दिल्लीच्या नावाने मागितलं जातं, आमदारकीला पडणारं मत रस्ता, पीकविमा आणि रोहित्राच्या नावाने. हसनाबादच्या मतदाराला या दोन्हीतला फरक कळतो, आणि कार्यकर्त्याला तो त्याहून जास्त कळतो. लोकसभेला घरात बसलेला माणूस विधानसभेला बाहेर पडतो, कारण आमदार हरला तर त्याची स्वतःची कामं अडतात.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने म्हणूनच तीन-चार प्रश्न सोबत ठेवावेत. बंडखोर उभा राहिला तेव्हा समेटाला किती दिवस होते? त्याच्या मतदारांपैकी शंभरात किती जण परत आले असते तर निकाल फिरला असता, आणि तितके येणं शक्य होतं का? केंद्रनिहाय आकड्यांत मतं दुसऱ्याकडे गेलेली दिसतात की पडलेलीच नाहीत? आणि ज्याला डावललं त्याला, त्याच्यामागच्या माणसांना, निर्णयाआधी कुणी विचारलं होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही फॉर्ममध्ये मिळत नाही. ते गावात जाऊन, दोन्ही गटांच्या ओट्यावर बसून घ्यावं लागतं. हे काम जिल्ह्याच्या पातळीवरचे वार्ताहर करू शकतात आणि त्यांनी ते करावं, अशी मनापासून विनंती आहे, कारण मुंबईतून ते होणार नाही.

जालन्यात तर पुढची परीक्षा आत्तापासून मांडून ठेवलेली आहे. २०२४ च्या विधानसभेत खोतकर यांनी गोरंट्याल यांना हरवून जागा परत मिळवली, आणि २०२५ मध्ये गोरंट्याल काँग्रेस सोडून भाजपमध्ये दाखल झाले. दोन-अडीच दशकं एकमेकांविरुद्ध लढलेले, एकमेकांच्या कार्यकर्त्यांना गल्लीगल्लीत ओळखणारे दोन नेते आता एकाच महायुतीच्या दोन पक्षांत आहेत. २०२९ मध्ये जालन्याची जागा एकच असेल. ती शिवसेनेला सुटते की भाजपला, तो निर्णय किती आधी होतो, आणि ज्याच्या हाती एबी फॉर्म पडणार नाही त्याची माणसं मतदानाच्या दिवशी दुपारी कुठे असतील, याची नोंद ठेवायला आजच सुरुवात करता येईल.